कमळाला लोटस कोणी म्हटलं?

इसवी सनपूर्व ३२६. पोरसाशी झालेली लढाई सिकंदराने जिंकली होती, पण बियासच्या काठावर त्याच्याच सैनिकांनी पुढे पाऊल टाकायला नकार दिला होता. परतायचं ठरलं, तेही आल्या वाटेने नव्हे. नावा बांधायच्या आणि नदीच्या ओघाबरोबर खाली समुद्रापर्यंत जायचं. झेलमच्या काठी ही सगळी तयारी चालू असताना सिकंदराने आपल्या आईला, ऑलिम्पियसला, एक पत्र लिहिलं. नाईल नदीचा उगम आपल्याला सापडला आहे आणि तो हिंदुस्थानात आहे, असं त्याने त्यात कळवलं.

या समजुतीला आधार होता. सिंधू नदीत त्याने मगरी पाहिल्या होत्या, आणि तोवर नाईल सोडून दुसऱ्या कुठल्या नदीत त्याला मगर दिसली नव्हती. दुसरा पुरावा अकेसिनीज नदीच्या काठावर मिळाला. ही आपली चिनाब, वेदांतली असिक्नी. तिथे त्याला इजिप्तमध्ये पिकतो तसाच 'वाल' उगवलेला दिसला. पाचसहा वर्षांपूर्वी तो स्वतः इजिप्तमध्ये होता, अलेक्झांड्रिया शहराचा पाया त्याने तेव्हाच घातला होता. नाईलच्या दलदलीत वाढणारी ही वनस्पती ग्रीकांच्या चांगल्या ओळखीची होती. चिनाब सिंधूला मिळते हे त्याने ऐकलं. मग त्याने ताळा जुळवला: सिंधू पुढे मोठ्या ओसाड मुलखातून वाहत जात असावी, तिथे तिचं नाव लोपत असावं, आणि पुन्हा माणसांच्या वस्तीत आल्यावर लोक तिला नाईल म्हणत असावेत. नंतर त्या मुलखातल्या लोकांकडून खरी माहिती मिळाली. झेलम चिनाबला मिळते, चिनाब सिंधूला, आणि सिंधू दोन मुखांनी समुद्राला. इजिप्तशी तिचा काही संबंध नाही. तेव्हा सिकंदराने पत्रातला तेवढा मजकूर खोडून टाकला. त्याचा आरमारप्रमुख निआर्कस याचा वृत्तांत हाताशी असलेल्या स्ट्रॅबो आणि एरियन या लेखकांच्या ग्रंथांत ही हकिगत टिकून आहे.

चिनाबच्या काठावरचा तो 'इजिप्ती वाल' म्हणजे कमळ. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात ज्याच्या गुलाबी कळ्यांच्या जुड्या येतात, काश्मिरात ज्याचं नदरू होतं आणि उल्हासनगरच्या सिंधी घरांत ज्याची कमळकाकडी रांधली जाते, तेच हे झाड. आज सगळं जग या फुलाला लोटस म्हणतं. लोटस हा शब्द ग्रीकांचा. तरीही ते फूल समोर असताना त्या ग्रीक सैन्यातल्या कोणी त्याला लोटस म्हटलं नाही. त्यांच्या भाषेत लोटस नावाच्या बऱ्याच वनस्पती होत्या, पण कमळ त्यांत नव्हतं.

मग लोटस म्हणजे काय होतं?

सगळ्यात जुने उल्लेख होमरच्या दोन महाकाव्यांत आहेत, आणि तिथेच या नावाला दोन अर्थ आहेत. 'इलियड'मध्ये लोटस घोडे खातात. रणांगणापासून दूर रिकामे उभे असलेले अकिलीसच्या माणसांचे घोडे तो चघळत असतात. 'ओडिसी'त स्पार्टाच्या सपाट कुरणांचं वर्णन येतं तेव्हाही तिथे लोटस भरपूर उगवतो असं सांगितलं आहे. हा लोटस म्हणजे मेथीघासासारखा त्रिदळी चारा. पण त्याच 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात एक अगदी वेगळा लोटस येतो. ओडिसियसची जहाजं वादळात सापडून नऊ दिवस भरकटतात आणि दहाव्या दिवशी लोटस खाणाऱ्या लोकांच्या किनाऱ्याला लागतात. ते लोक पाहुण्यांना काही इजा करत नाहीत, आपलं मधासारखं गोड फळ तेवढं खायला देतात. ते खाल्लेल्या माणसाला घरी परतायची इच्छाच उरत नाही. टेहळणीला गेलेल्या आपल्या माणसांना ओडिसियस रडत-ओरडत असताना ओढून जहाजावर आणतो आणि वल्हेकऱ्यांच्या बाकांखाली बांधून ठेवतो.

महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकताना ही कथा भेटते तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कमळ येतं. फूल खाऊन धुंद झालेली माणसं आपण कल्पनेने पाहतो. प्राचीन ग्रीकांनी असं कधी मानलं नाही. हिरोडोटसने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हे लोक उत्तर आफ्रिकेच्या, म्हणजे त्या काळच्या लिबियाच्या, किनाऱ्यावर राहत असल्याचं लिहिलं. त्यांचं फळ लहानशा बोराएवढं, चवीला खजुरासारखं. ते त्याची दारूही करतात. पुढे स्ट्रॅबोने त्यांचं बेट कोणतं तेही सांगितलं: मेनिंक्स, म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं जेर्बा. थिओफ्रास्टस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि वनस्पतिशास्त्राचा पहिला मोठा लेखक. त्याने या झाडाची व्यवस्थित नोंद केली. फळ पिकताना द्राक्षांसारखे रंग बदलतं, आणि कार्थेजवर चालून निघालेल्या ऑफेलास या सेनापतीच्या सैन्याची शिधासामग्री संपली तेव्हा ते कित्येक दिवस केवळ या फळांवर जगलं, असं तो लिहितो. आधुनिक वनस्पतिशास्त्रात या झाडाचं नाव झिझिफस लोटस. झिझिफस हे आपल्या बोरीचं कुळनाम आहे. ओडिसियसच्या माणसांना घर विसरायला लावणारं फळ म्हणजे, बहुतेक जाणकारांच्या मते, बोराचं एक भावंड होतं. स्कॉटलंडचा प्रवासी मंगो पार्क १७९५ ते १७९७ या काळात पश्चिम आफ्रिकेत हिंडला. तिथले लोक अशीच पिवळी पिठूळ बोरं कुटून त्यांच्या गोड वड्या करतात हे पाहून हेच ते प्राचीन लोटस, असं त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं.

चारा झाला, बोर झालं. शिवाय याच नावाचा एक काळसर लाकडाचा वृक्ष होता. त्या लाकडाचे पावे होत, आणि काव्यात नुसतं लोटस म्हटलं तरी पावा असा अर्थ निघे. शब्दाचं मूळ बहुधा ग्रीकही नसावं. हिब्रू भाषेत 'लोट' हे एका सुगंधी डिंकाचं नाव आहे. बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीत उंटांवर माल लादून इजिप्तकडे निघालेल्या व्यापाऱ्यांच्या सामानात तो डिंक आहे. व्यापाऱ्यांबरोबर आलेला परका शब्द ग्रीकांनी उचलला आणि गोड, सुवासिक किंवा हिरव्यागार अशा हाताला लागेल त्या वनस्पतीला दिला, असा भाषाभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो. इतक्या विजोड वनस्पतींना जोडणारं दुसरं काही सापडत नाही.

पाण्यातल्या फुलाला हे नाव मिळालं ते इजिप्तमध्ये. हिरोडोटस लिहितो की नाईलला पूर येऊन शेतांचा समुद्र होतो तेव्हा पाण्यात पुष्कळ फुलं उगवतात, त्यांना इजिप्तचे लोक लोटस म्हणतात. ती तोडून उन्हात वाळवतात, मधल्या बोंडातलं बी कुटून त्याच्या भाकऱ्या भाजतात, आणि सफरचंदाएवढा गोल गोडसर कंदही खातात. हे वर्णन कुमुदाचं आहे, म्हणजे ज्याला आज बागकाम करणारे वॉटर लिली म्हणतात त्याचं. नावाबद्दल मात्र हिरोडोटसने ऐकीव लिहिलं असावं. इजिप्तच्या लोकांचा स्वतःचा शब्द 'सेशेन' होता. तोच हिब्रूत जाऊन 'शोशन्ना' झाला, फारसी-अरबीत 'सोसन' झाला, आणि युरोपात मुलींचं नाव बनून सुसान, सुझॅन अशा रूपांनी आजही घरोघर फिरतो आहे. त्या फुलाचं खरं इजिप्ती नाव लोटसपेक्षा दूरवर गेलं आहे, फक्त ते फुलावर राहिलं नाही.

इजिप्तच्या जुन्या चित्रांत आणि शिल्पांत दिसणारं फूल हे दोन कुमुदांपैकी एक असतं: दिवसा उमलणारं निळं, किंवा रात्री उमलणारं पांढरं. मंदिरांच्या खांबांचे माथे, मेजवानीत बायकांच्या कपाळावर झुकलेली कळी, नेफरतेम देवाच्या डोक्यावरचं फूल, सगळीकडे हीच दोन. चित्रलिपीत हजार हा आकडा लिहायचा तर कुमुदाचं पान-देठ काढत. तुतनखामेनचं थडगं १९२२ मध्ये उघडलं तेव्हा त्यात लाकडाचं एक शिर मिळालं: उमललेल्या फुलातून बालराजाचा चेहरा वर येतो आहे. सृष्टीच्या आरंभी आदिजलातल्या फुलातून सूर्य प्रकट झाला, या कथेचं ते रूप. आपल्याला लगेच विष्णूच्या नाभिकमलातला ब्रह्मदेव आठवतो. साम्य विलक्षण आहे, पण दोन्ही फुलं वेगळी आहेत.

कारण फॅरोंच्या इजिप्तमध्ये आपलं कमळ नव्हतंच. जुन्या थडग्यांत ते ना चित्रात आहे, ना वाळलेल्या हारांत. मात्र हिरोडोटसने ते पाहिलं होतं. कुमुदाचं वर्णन संपल्यावर तो म्हणतो की नदीत गुलाबासारखी दिसणारी आणखी एक प्रकारची फुलं येतात. त्यांचं फळ गांधीलमाशीच्या पोळ्यासारखं असतं, आणि त्यात ऑलिव्हच्या आठळीएवढ्या बिया असतात, त्या ओल्याही खातात आणि वाळवूनही. कमळाचं बोंड पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखायला क्षण लागणार नाही. हिरोडोटस त्या फुलाला काही नाव देत नाही, लोटस तर नाहीच.

मग ते तिथे पोहोचलं कसं? इराणी सम्राटांनी इजिप्त जिंकला तो इसवी सनपूर्व ५२५ मध्ये. पुढे दारयवहूच्या काळात त्या साम्राज्याची एक कड सिंधूला आणि दुसरी नाईलला भिडली. कमळाचं बी कठीण कवचाचं असतं, ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि खाण्याचं असल्याने लोक ते जवळ बाळगतात. या इराणी राजवटीतच ते पूर्वेकडून इजिप्तला आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिकंदराची चूक मला याचमुळे फार बोलकी वाटते. दोन दूरच्या नद्यांत एकच वनस्पती पाहून त्याने नदी एकच आहे असं अनुमान काढलं. खरं पाहता ते बी नाईलपर्यंत नेणारी राजवट त्याने स्वतःच चार वर्षांपूर्वी मोडून काढली होती.

थिओफ्रास्टसने कमळाला 'इजिप्ती वाल' याच नावाने पानभर जागा दिली आहे. देठ चार हात उंच, पान थेसली प्रांतातल्या रुंद काठाच्या टोपीएवढं, फूल खसखशीच्या दुप्पट आणि गुलाबी, बोंडात तीसपर्यंत बिया. कंदाला काटे असतात म्हणून मगर त्या झाडीत शिरत नाही, तिला नीट दिसत नाही आणि डोळ्यात काटा जाईल अशी धास्ती तिला असते, असंही तो सांगतो. लगेच पुढे तो लोटसकडे, म्हणजे कुमुदाकडे, वळतो आणि त्याची फुलं संध्याकाळी पाण्यात बुडतात आणि पहाटे वर येतात हे नोंदवतो. एकाच प्रकरणात दोन वनस्पती, दोन नावं आणि कुठलाही घोळ नाही. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखकाने जो फरक इतका स्वच्छ मांडला, तो नंतरच्या जगाने पुसून टाकला.

पुसायला सुरुवात झाली अलेक्झांड्रियात. त्या शहराभोवतालच्या सरोवरांत कमळं माजली होती. स्ट्रॅबोने तिथली मौज लिहून ठेवली आहे: लोक होड्या घेऊन त्या झाडीत शिरत, पानांच्या सावलीत बसून जेवत, आणि शहरातल्या दुकानांत ही पानं पेला-वाटीसारखी वापरायला रचून ठेवलेली असत. आपल्याकडच्या द्रोण-पत्रावळीचाच हा प्रकार. बोंडाला ग्रीकमध्ये 'किबोरियन' म्हणत. त्या आकाराच्या पेल्याला तेच नाव पडलं आणि पुढे ख्रिस्ती चर्चमध्ये पवित्र प्रसाद ठेवायच्या पात्राला. गोव्यातल्या चर्चमधल्या सिबोरियम पात्राच्या नावात असं कमळाचं बोंड दडलेलं आहे.

इसवी सन १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियन इजिप्तला आला. बरोबर त्याचा लाडका तरुण सोबती अँटिनोअस होता. अलेक्झांड्रियाजवळच्या रानात सम्राटाने एक मोठा सिंह मारला. आणि त्याच वर्षी अँटिनोअस नाईलमध्ये बुडून मरण पावला. शोकात बुडालेल्या हेड्रियनने त्याला देव केलं, त्याच्या नावाने शहर वसवलं. तेव्हा पँक्रेटीस नावाच्या स्थानिक कवीने सम्राटापुढे एक गुलाबी फूल आणलं आणि सांगितलं की मारलेल्या सिंहाचं रक्त जमिनीवर सांडलं त्यातून हे उगवलं, याला अँटिनोअसचं नाव द्यावं. हेड्रियन प्रसन्न झाला आणि कवीला अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात, तिथल्या म्युझियममध्ये, आजन्म भोजनाची सोय करून दिली. ही हकिगत सांगणारा अथेनिअस हा इजिप्तमधल्याच नॉक्राटिस गावचा लेखक, काळ इसवी सन २०० च्या आसपासचा. तो लिहितो की सरोवरांत लोटसचे दोन रंग असतात, एक गुलाबासारखा आणि दुसरा निळा. गुलाबी फुलांच्या हाराला अँटिनोअसचा हार म्हणतात.

गुलाबी म्हणजे कमळ, निळं म्हणजे कुमुद, आणि दोघांचं नाव आता एकच. लोटस हे नाव कमळाला चिकटलेलं इतकं स्पष्ट आपल्याला इथे दिसतं. हे कोणी ठरवून केलं नाही. हार विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना एक नाव पुरेसं होतं.

पुढे इजिप्तमधून कमळ नाहीसं झालं. नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये जे विद्वान तिथे गेले त्यांत एकवीस वर्षांचा सॅव्हिनी होता. निळ्या कुमुदाला निम्फिया सेरुलिया हे शास्त्रीय नाव त्याने दिलं. त्याच मोहिमेतल्या डेलील या वनस्पतिशास्त्रज्ञाला निळं आणि पांढरं कुमुद नाईलमध्ये भेटलं, हिरोडोटसचं गुलाबी फूल मात्र तिथे उरलं नव्हतं. युरोपच्या हाती त्याची ग्रंथांतली वर्णनं होती. जिवंत झाड पाहायला युरोपियनांना पुन्हा पूर्वेकडेच यावं लागलं.

आणि इथे आपली माणसं या गोष्टीत येतात. सतराव्या शतकात कोचीनला डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता आणि हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड हा तिथला मुख्य अधिकारी होता. मलबारच्या झाडाझुडपांचा एक प्रचंड ग्रंथ त्याने हाती घेतला: 'हॉर्टस मलबारिकस'. ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले, त्यात सातशेहून अधिक चित्रं. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वतांपैकी हे कुटुंबीय. २० एप्रिल १६७५ या तारखेचं त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्याच खंडात छापलेलं आहे, आणि चित्रांवर झाडांची नावं रोमन, मल्याळम, अरबी अक्षरांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. छापलेल्या नागरी अक्षराचा हा फार जुना नमुना. आपल्याकडे शाळेत या तीन वैद्यांची नावं कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

पाण्यातल्या वनस्पती अकराव्या खंडात आहेत. कमळ तिथे आपल्या मल्याळी नावाने हजर आहे: 'तामरा', आणि पांढरं ते 'बेम तामरा'. हा खंड १६९२ मध्ये छापून आला. ऱ्हीड त्याआधीच, डिसेंबर १६९१ मध्ये, सुरतेकडे जाताना मुंबईच्या किनाऱ्यालगत जहाजावर वारला. त्याची कबर सुरतेत आहे. देशी नावानेच झाडाची ओळख करून द्यायची ही त्याची पद्धत चालू राहिली असती तर आज जगाच्या तोंडी कदाचित तामरा असतं.

पण १७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने 'स्पेसीज प्लांटॅरम' हा ग्रंथ काढला आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं लॅटिन नाव दिलं. आजच्या वनस्पतिनामांची सुरुवात याच ग्रंथापासून धरतात. लिनियसपुढे ग्रीकांचा सगळा पसारा होता आणि त्याने त्यातलं जवळजवळ काहीच टाकलं नाही. लोटस हे कुळनाम त्याने होमरच्या घोड्यांच्या चाऱ्याला, पिवळ्या फुलांच्या द्विदल वनस्पतींना दिलं. लिबियाच्या बोराला ऱ्हॅम्नस लोटस, टेंभुर्णीच्या कुळातल्या एका फळझाडाला डायोस्पायरॉस लोटस, इजिप्तच्या पांढऱ्या कुमुदाला निम्फिया लोटस अशी नावं दिली. आणि आपलं कमळ? त्याला त्याने निम्फिया नेलुंबो म्हटलं. म्हणजे शास्त्रात लोटस नावाच्या चार वनस्पती झाल्या आणि कमळ पुन्हा त्यांच्याबाहेर राहिलं.

हे नेलुंबो श्रीलंकेचं. सिंहलीत कमळाला 'नेळुम' म्हणतात. तिथे वावरणाऱ्या युरोपियनांनी तो शब्द आपल्या कानाप्रमाणे लिहिला. फ्रान्सच्या मिशेल अदांसनने १७६३ मध्ये कमळ हे कुमुदाच्या कुळातलं नाही हे ओळखून नेलुंबो असं वेगळं कुळ केलं, आणि १७८८ मध्ये जर्मनीच्या गार्टनरने बियांवरून त्याला न्यूसिफेरा, म्हणजे कवचबिया धरणारं, हे विशेषण जोडलं. अडीचशे वर्षांनी आता जनुकांचा अभ्यास झाला आहे, आणि अदांसनच्या म्हणण्याहूनही दुरावा मोठा निघाला आहे. कमळाचे जिवंत जवळचे नातलग पाण्यात नाहीतच. त्यांतला आपल्या ओळखीचा एक म्हणजे काश्मीरचा चिनार. दल सरोवरातलं कमळ शेजारी तरंगणाऱ्या कुमुदापेक्षा काठावरच्या चिनाराला जवळचं आहे.

शास्त्र असं निवळत असताना साहित्यात मात्र उलट घडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कलकत्त्यात आणि मग लंडन-पॅरिसात संस्कृत ग्रंथांची भाषांतरं होऊ लागली. विल्यम जोन्सने भारतीय वनस्पती त्यांच्या देशी नावांनीच अभ्यासाव्यात असा आग्रह धरला होता, पण भाषांतरकारांनी पद्म, कमल, पुंडरीक, उत्पल, कुमुद, इंदीवर या सगळ्यांना एकच शब्द वापरला. ब्रायन हॉजसनने काठमांडूहून १८३७ मध्ये बौद्ध हस्तलिखितं पॅरिसला पाठवली. त्यांतल्या 'सद्धर्मपुंडरीक' ग्रंथाचं यूजीन बर्नूफने केलेलं फ्रेंच भाषांतर त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८५२ मध्ये, प्रसिद्ध झालं. त्याच्या शीर्षकात पुंडरीकाच्या जागी लोटस आलं. आज जगभर तो ग्रंथ लोटस सूत्र म्हणूनच ओळखला जातो. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ, हा तपशील मागे राहिला. आपल्याला तो महत्त्वाचा वाटायला हवा. विठोबाला विटेवर उभं करणाऱ्या पुंडलिकाचं नाव संस्कृत माहात्म्यात पुंडरीक असंच येतं, आणि पंढरपूरला पौंडरीक क्षेत्र म्हटलं आहे.

आपल्या पूर्वजांची या बाबतीतली नजर किती बारीक होती ते पाहून थक्क व्हायला होतं. पुष्कर आणि पुंडरीक हे शब्द ऋग्वेदात आहेत. अथर्ववेदात कुमुद आहे, बिस आणि शालूक हे खाण्याचे कंद-देठही आहेत. अमरकोशाच्या वारिवर्गात कमळाची नावं एका गटात आणि कुमुद-उत्पलांची दुसऱ्या गटात आहेत. पांढऱ्या, तांबड्या, निळ्या फुलांना स्वतंत्र शब्द आहेत. देठ, तंतू, कंद, केसर, कोवळं पान, बोंड यांना वेगळे शब्द आहेत. कंदाला तिथे करहाट म्हटलं आहे. कऱ्हाडकरांना आपल्या गावाचं करहाटक हे प्राचीन नाव आठवेल. सूर्याबरोबर उमलणारं कमळ आणि चंद्राबरोबर उमलणारं कुमुद हा कवींचा नुसता संकेत नव्हता, तळ्याकाठी उभं राहून केलेलं निरीक्षण होतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्वाला आपण पद्मपाणी म्हणतो, पण त्याच्या हातातलं फूल नीलोत्पल आहे असं अनेक अभ्यासक सांगतात. चित्रकाराने फरक जाणला होता, नाव देताना तो सुटला. सिंहली लोकांनी हे भान अजून राखलं आहे: नेळुम कमळ, ओलू कुमुद, मानेल निळं कुमुद. श्रीलंकेने १९८६ मध्ये राष्ट्रीय फूल म्हणून निळं मानेल निवडलं, नेळुम नाही.

मराठीत आपण तेवढे सावध राहिलो नाही. कुंपणावर चढणारी, पांडव-कौरवांची गोष्ट सांगितली जाते ती कृष्णकमळाची वेल अमेरिका खंडातून आली. पुण्यामुंबईच्या गच्च्यांवर रात्री उमलणारं ब्रह्मकमळ हा मध्य अमेरिकेतला निवडुंग आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. कासच्या पठाराजवळच्या कुमुदिनी तलावात झालरीच्या पाकळ्यांची जी नाजूक पांढरी फुलं पावसाळ्यानंतर पसरतात ती ना कमळ, ना कुमुद. ती निम्फॉइडिस नावाची तिसरीच वनस्पती. आणि कुंडातल्या निळ्या-जांभळ्या कुमुदाला तर आपण सर्रास कमळच म्हणतो. नावं भटकतात, हे मला मान्य आहे; ग्रीकांच्या तोंडी ती भटकली तशी आपल्याही तोंडी भटकतील. पण ज्या भाषेत दोन फुलांसाठी दोन गोड, जुने, जिवंत शब्द आहेत, तिने एक शब्द गमावणं हे नुकसान आहे.

ओळखायला अवघड काही नाही. कमळाचं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं, त्याला खाच नसते, देठ मधोमध जोडलेला असतो, आणि पानावर पाणी ठरत नाही. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून या गुणाचा उलगडा केला आणि त्याला लोटस इफेक्ट म्हटलं. या खेपेला ते नाव योग्य झाडावर पडलं. कुमुदाचं पान पाण्यावर सपाट तरंगतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. कमळाचं बोंड उंच देठावर वाळतं, कुमुदाचं फळ पाण्याखाली पिकतं. गावातल्या तळ्याकाठी किंवा देवळाच्या पुष्करिणीपाशी मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना आधी पान दाखवा, आणि जे कमळ नाही त्याला कुमुद म्हणायला शिकवा.